मास्तरांचा ओबो

नोव्हेंबरातली सकाळ होती. आर्लेतनं चुलीवर कांद्याचं सूप चढवलं होतं आणि खिडकीतून बाहेर बघत ती ठरवत होती की आज काही उंबरठा ओलांडायचा नाही. धुकं असं उतरलं होतं की समोरच्या लोहाराचं दारही दिसेना. तेवढ्यात कॉफीच्या दुकानातली मार्गो लाकडी खडावा खडखडवत धावत आली. गावातला एकुलता एक टेलिफोन तिच्याकडेच.

"आर्लेत, तुझा फोन! दलदलीतली ओव्हीलबाई आहे. नुसतं 'कोण बोलतंय' विचारलं, तर माझ्यावरच खेकसली गं."

आर्लेतच्या त्या नॉर्मन गावात घरटी एक लेथ, लाकूड कातायचं यंत्र. कुणी बासऱ्या कोरतो, कुणी क्लॅरिनेटला तोंड बसवतो, आणि रस्त्यानं चाललं की दर दारातून काळ्या लाकडाचा भुसा नाकात शिरतो. आर्लेत दुरुस्तीची कामं करायची. तिचा बाप ओबो घडवायचा. ओबो आपल्या सनईच्याच कुळातला, पण अंगभर चांदीच्या कळा ल्यालेला, आणि त्या कळांपायी भारी रुसवेफुगवेवाला. एक कळ अडली की सगळी चाल लंगडी.

"कळा चिकटतायत," पलीकडून मादाम ओव्हील म्हणाली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "तुमच्या बापाचं काम आहे, तुम्हीच निस्तरा."

"पाठवून द्या ना, मादाम. दुकानात सगळी हत्यारं हाताशी असतात."

"रविवारपर्यंत ते घराबाहेर पडणार नाहीत."

आर्लेतला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. वाद्याला कुणी असं आदरानं बोलतं होय?

"रविवारी गावात आमच्या मास्तरांच्या नावानं सभागृह उघडतायत," बाई पुढे बोलतच होती. "आमची सिदोनी तिथं वाजवणार आहे. आज या. पाय चिखलाचे घेऊन येऊ नका."

घरी लेओन, आर्लेतचा नवरा, सूप ढवळत उभा होता. ऐकून त्यानं डाव खाली ठेवला.

"अगं, जाऊ नकोस त्या बाईकडे. जिभेनंच माणूस सोलून काढते ती."

"बाबांनी घडवलेला शेवटचा ओबो आहे तो, लेओन. त्यानंतर त्यांचे हात थरथरायला लागले. एकदा हातात घेईन म्हणते."

"घे आणि ये. तिथं जेवू मात्र नकोस. तुझ्या घशाखाली गेलेला घास ती तुला आयुष्यभर ऐकवील."

आर्लेत हसली. हत्यारांची पिशवी घेऊन तिनं दुपारची बस पकडली.

बस नदीच्या मुखाकडे निघाली तसं धुकं आणखी दाटलं. दोन्ही बाजूंना लव्हाळ्यांची बेटं, मधूनच एखादं काळं पाणी, आणि पाण्यात न हलणारी बदकं. आर्लेत कुठं उतरणार हे कळल्यावर ड्रायव्हर बास्तियांनं तिच्याकडे वळून पाहिलं.

"परतीच्या फेरीला वळणावर हॉर्न देईन," तो म्हणाला. "ऐकू आला की धावत या. आत येऊन दार ठोठावणार नाही मी, आधीच सांगून ठेवतो."

"का हो? कुत्रं आहे का अंगावर येणारं?"

"कुत्रं असतं तर बरं झालं असतं, मादाम."

घर दलदलीतल्या एका उंचवट्यावर होतं. एका पायवाटेनं रस्त्याला जोडलेलं, बाकी चहूकडे पाणी. दार उघडलं ते मादाम ओव्हीलनंच. उंच, काळ्या पोशाखातली, कमरेच्या एप्रनला किल्ल्यांचा जुडगा. तिनं आर्लेतला पायांपासून वर न्याहाळलं.

"उशीर झाला."

"बस मिळाली तशी आले, मादाम."

"बाप वेळेवर यायचा तुमचा. तेवढाच एक गुण होता त्याच्यात. पाय पुसा."

आर्लेत आत आली आणि दार मागे बंद झालं. बाईनं किल्ली फिरवली, एप्रनच्या खिशात टाकली. सवयच असेल, आर्लेतनं मनाशी म्हटलं. पण पुढच्याच श्वासाला तिला जाणवलं की या घरात काहीतरी बरोबर नाही. हवाच नव्हती. प्रत्येक खिडकीच्या चौकटीला, दाराच्या फटींना, अगदी धुराड्याच्या तोंडालासुद्धा लोकरीच्या पट्ट्या ठोकून बसवल्या होत्या. मास्तरांना झुळूक सोसायची नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. ते वसंतातच गेले, तरी पट्ट्या तशाच. घराला वास येत होता तो कोंदटपणाचा नव्हे. बडीशेपेच्या गोळ्या चघळून कुणीतरी आपल्या चेहऱ्याजवळ येऊन बोलावं, तसा. ओला, उबदार वास.

ओव्हीलमास्तर फार नावाजलेले. त्या भागात ज्यानं ज्यानं ओबो हातात धरला, तो कधी ना कधी त्यांच्या हातचा मार खाऊन गेलेला. शिष्याला ते एकच सूर धरायला लावत, डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत. सूर तुटला की विणकामाची सुई सपकन बोटांवर. "तोंडातून गेलेला श्वास परत येत नाही," असं ते म्हणत. "म्हणून तो फुकट घालवायचा नाही."

बैठकीत टेबलापाशी त्यांची मुलगी सिदोनी बसली होती. तिशी गाठलेली असेल. पण आर्लेतला ती आधी आजारी वाटली, मग म्हातारी वाटली, आणि मग नजर सरावल्यावर तरुण दिसली. ओठ जांभळे. गळ्याच्या खळग्यात कातडी आत ओढलेली.

"नमस्कार, मादाम," ती म्हणाली, आणि एवढ्या दोन शब्दांनी तिला दम लागला.

"कुठली कळ चिकटते?" आर्लेतनं विचारलं.

सिदोनी बोलायला गेली, पण आईनं मध्येच तोडलं. "तिला काय विचारता? तिला फुंकताच येत नाही धड. फुंकता येईना की कळांना बोल. इतके जण या खोलीत शिकून गेले, कुणाच्या कळा चिकटल्या नाहीत."

"सगळ्याच," सिदोनी हळूच म्हणाली. "ज्या दिवशी... त्याला जी हवी ती."

आर्लेतनं पेटी उघडली. मखमलीत ओबो तीन सुट्या तुकड्यांत निजलेला होता. प्रत्येक तुकड्यावर बापाचा शिक्का, त्याच्या नेहमीच्या जागी, किंचित तिरका. तिनं वरचा तुकडा उचलला, आणि हातात धरून ती क्षणभर थांबली. लाकूड कोमट होतं.

"आज वाजवला का?"

"गेल्या रविवारपासून हात लावलेला नाही," मादाम म्हणाली. "मी लावू देत नाही. साठवायचं असतं."

काय साठवायचं, ते आर्लेतनं विचारलं नाही. ती कामाला लागली. कळ चिकटायची कारणं ठरलेली असतात. दमट हवेनं लाकूड फुगतं आणि सळई आवळली जाते. स्प्रिंग थकते. नाहीतर वाजवणारा काहीतरी गोड खाऊन फुंकतो आणि कळेखालची गादी चिकट होते. आर्लेतनं एकेक करून सगळं तपासलं. सळया तेलात गुळगुळीत फिरत होत्या. स्प्रिंगा ताठ होत्या. गाद्या नव्यासारख्या. बापानं बसवलेल्या, आणि काय बसवल्या होत्या!

तिनं सिगारेटचा पातळ कागद घेतला, गादीखाली सारला, कळ दाबली आणि कागद ओढून काढला. ओला. पुन्हा नवा कागद. तोही ओला. तिसरा बाहेर आला तो भिजून फाटलेला, बडीशेपेचा वास असलेला.

मग तिच्या डोळ्यांदेखत, कुणाचं बोट नसताना, ती कळ हळूच खाली गेली. गादी भोकावर बसली आणि बसूनच राहिली.

आर्लेतनं नखानं ती उचलायचा प्रयत्न केला. उचलेना. जोर लावला तेव्हा मुरंब्याच्या बरणीचं झाकण निघावं तशी ती सुटली, पट्कन. आणि भोकातून बारीकशी गरम झुळूक तिच्या मनगटावर आली.

"सापडलं का कारण?" मादाम टेबलाच्या पलीकडे विणकाम घेऊन बसली होती. सुया थांबल्या नव्हत्या. "का बापासारखंच? तोही असाच तोंड वासून बसायचा. मास्तरांनी एकदा हाकलून दिलं होतं त्याला याच दारातून."

"माझे वडील कुणाकडे तोंड वासून बसले नाहीत, मादाम. आणि बसले असतील तर ओबो घडवायला बसले असतील. हा बघा."

"जीभ आहे म्हणायची." बाई उठली. "दिव्याला तेल आणते. सिदोनी, बसल्या जागी बैस."

तिची पावलं मागच्या खोलीत गेली. सिदोनी टेबलावरून पुढे वाकली. तिचा आवाज इतका खाली होता की आर्लेतला तो ओठांवरून वाचावा लागला.

"मी फुंकत नाही, मादाम... तो ओढतो."

"कोण ओढतो?"

"बाबा कसे गेले, ते... कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

"हृदय बंद पडून, असं ऐकलं."

सिदोनीनं नकारार्थी मान हलवली. थांबली, दम गोळा केला. "त्या खुर्चीत. ओबो तोंडात होता. मोठा सूर धरायचा होता... म्हणून त्यांनी श्वास घेतला. भरपूर. मी समोर होते. आत घेतला, आणि..." तिनं दाराकडे बघितलं. "बाहेर सोडलाच नाही. तसेच गेले. आईनं त्यांच्या तोंडातून ओबो काढला तेव्हा... सगळ्या कळा बंद होत्या. दुसऱ्या दिवसापर्यंत उघडल्या नाहीत."

"मग तू कशाला वाजवतेस, बाळ? टाकून दे की!"

"आई वाजवायला लावते. दर रविवारी थोडं. आधी जिने चढता यायचे मला."

पावलं परत आली. सिदोनी मागे टेकली. आर्लेतला त्या मुलीचं वाईट वाटलं आणि थोडा रागही आला. बापाच्या धाकानं पोरीचं डोकं फिरलंय, आईनं तिला या कोंडवाड्यात डांबून आजारी पाडलंय. काम आटोपायचं, आणि गावच्या डॉक्टरच्या कानावर हे घालायचं. असं मनाशी ठरवल्यावर तिला जरा धीर आला. बाहेर दिवस कलत चालला होता. मादामनं दिवा लावून टेबलावर ठेवला.

आता शेवटची परीक्षा उरली होती. दुरुस्ती करणारा प्रत्येक जण ती करतो. तुकड्याचं खालचं तोंड बुचानं बंद करायचं, बोटांनी सगळी भोकं आणि कळा झाकायच्या, आणि वरच्या तोंडाला ओठ लावून आतली हवा ओढून घ्यायची. गाद्या नीट बसत असल्या तर आत पोकळी टिकते. क्षणभरच. मग पट् पट् करत कळा उघडतात.

आर्लेतनं बूच लावलं, बोटं ठेवली, ओठ लावले आणि ओढलं.

हवा आली. कोमट, बडीशेपेची. तिला किळस आली आणि ती ओठ काढणार, तेवढ्यात आतून ओढ बसली.

पहिल्यांदा तिला कळलंच नाही काय होतंय ते. ओठ लाकडाला चिकटले होते. जिभेचा शेंडा त्या बारीक भोकात खेचला जात होता. बोटांच्या टोकांचं मांस भोकांत आत शिरत होतं आणि उरलेल्या कळा आपोआप एकामागून एक खाली बसत होत्या, खालपासून वर, कुणीतरी सरावलेल्या हातानं दाबाव्यात तशा. तिच्या छातीतली हवा निघाली. आधी वरवरची, मग तळातली, मग जी कधी बाहेर येत नाही तीही. नाकानं श्वास घ्यायला गेली तर तो नाकातून शिरून थेट तोंडावाटे त्या नळीत जाई. तिनं डोळे फिरवून मदत मागितली.

मादाम ओव्हील पुढे वाकून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर आर्लेतनं त्या दिवसात पहिल्यांदा समाधान पाहिलं. विणकामाच्या सुईनं ती टेबलावर सावकाश ठोके देत होती.

"सोडू नका," ती मऊ आवाजात म्हणाली. "मध्येच सोडलेलं त्यांना आवडत नाही... छान. भरपूर आहे हो तुमच्यात. हिच्यापेक्षा खूप जास्त."

आर्लेतच्या कानांत भोंगे वाजू लागले. दिव्याची ज्योत आधी लाल झाली, मग काळी. आणि तिला ऐकू आलं, त्या लाकडाच्या आत, अगदी जवळ, म्हाताऱ्या माणसाच्या घशातली घरघर. तिच्याच श्वासावर पोसत चाललेली.

मग कुणीतरी बूच उपटलं.

आर्लेत खुर्चीसकट मागे कोसळली. वर सिदोनी उभी होती, एका हातात बूच, दुसऱ्या हातानं टेबलाचा आधार घेतलेला. आर्लेतच्या ओठांतून रक्त येत होतं. बोटांच्या टोकांवर जांभळे गोल वळ उठले होते.

"मूर्ख कार्टी!" मादाम किंचाळली. "आज झालं असतं! एका बैठकीत झालं असतं आज!"

"काय झालं असतं?" आर्लेत टेबल धरून उठली. "काय करताय तुम्ही या घरात, बाई? पोरीचा जीव चाललाय!"

"चाललाय तो कुठं वाया चाललाय?" मादाम आता शांत झाली होती, आणि तेच जास्त भयंकर होतं. "त्यांचा आवाज यायला लागलाय. पहाटे मी कान लावते. आधी नुसती सूं-सूं होती, आता शब्द येतात. माझं नाव घेतात. थोडंच राहिलंय. रविवारी सगळ्या गावासमोर ही शेवटचा सूर धरील आणि ते उठतील."

"आई," सिदोनी म्हणाली. "मी तुझी मुलगी आहे."

बाईनं तिच्याकडे पाहिलं. रागानं नाही. दुकानात एखादी वस्तू उचलून पुन्हा खाली ठेवताना माणूस बघतो, तसं.

"मुली सगळ्यांनाच होतात," ती म्हणाली. "असा श्वास एखाद्यालाच मिळतो."

सिदोनीनं खाली मान घातली. खूप वेळ असं वाटलं की ती आता बसेल, ओबो उचलेल आणि सांगितलेलं करील. पण तिनं हात लांब केला आणि तो वरचा तुकडा टेबलावरून आर्लेतकडे ढकलला.

"काढा," ती म्हणाली. "कळ काढा त्याची."

आर्लेतला पुढचं सांगावं लागलं नाही. एक भोक उघडं पडलं तरी पुरे, मग या नळीत काहीच राहणार नाही. तिनं तुकडा छातीशी दाबला आणि स्क्रूड्रायव्हर सळईच्या टोकाला लावला. मादाम टेबलावरून तिच्यावर झेपावली. सुई आर्लेतच्या दंडात घुसली. आर्लेत ओरडली, पण हात थांबला नाही. स्क्रू फिरत होता आणि फिरता फिरता उलटा आवळला जात होता, आतून कुणीतरी धरून ठेवल्यासारखा. सिदोनीनं आईला मागून मिठी मारली. त्या मिठीत जोर नव्हता, नुसतं वजन होतं. तेवढं पुरलं. सळई निघाली. कळ सुटून जमिनीवर टणकन पडली.

आणि घरानं श्वास सोडला.

आर्लेतला दुसरे शब्द पुढेही कधी सापडले नाहीत. त्या एवढ्याशा भोकातून तो निघाला आणि संपेना. गरम, जड, बडीशेपेचा आणि कुजल्या पानांचा वास असलेला. टेबलावरचे कागद उडाले. दिवा विझला. खिडक्यांच्या चौकटींतल्या लोकरीच्या पट्ट्या तटातट उखडून बाहेर फेकल्या गेल्या. त्यात एक सूरही होता, वाद्यवृंद ज्या सुरावर आपली वाद्यं जुळवून घेतो तो, पण घोगरा, माणसाच्या घशातला.

सिदोनी आईच्या खांद्यावरून त्या भोकाच्या अगदी समोर आली होती. वाकलेली, तोंड उघडं. इतके महिने उपाशी राहिलेल्या त्या मुलीनं श्वास घेतला. मोठा, पोटभर, डोळे मिटून.

"नाही! नाही... सांडू नका..." मादाम अंधारात चाचपडत आली. तिनं आर्लेतच्या हातातून तुकडा हिसकावला, त्या उघड्या भोकावर अंगठा गच्च दाबला, खालच्या तोंडावर तळवा लावला, आणि मास्तरांच्या खुर्चीत बसून वरच्या तोंडाला आपले ओठ लावले.

दूर वळणावर बसचा हॉर्न वाजला.

सिदोनीनं आईच्या एप्रनच्या खिशातून किल्ली काढली. बाईनं तिला अडवलं नाही. तिला दिसतच नव्हतं काही. तिचे गाल आत गेले होते आणि आणखी आत चालले होते.

दोघी पायवाटेनं धावल्या. धुक्यातून मागून तो सूर येत होता, एकच, न तुटणारा. कुठल्याही माणसाच्या छातीत मावणार नाही इतका लांब. बसमध्ये चढताना आर्लेतनं बास्तियांकडे पाहिलं. त्यालाही तो ऐकू येत होता, हे त्याच्या तोंडावरून कळत होतं.

"जहाजाचा भोंगा," तो म्हणाला, आणि त्यांच्याकडे न बघता त्यानं गिअर टाकला.

दुसऱ्या दिवशी पोलिसांना मादाम ओव्हील खुर्चीतच सापडली. डॉक्टरनं हृदयाचं कारण लिहिलं. तिच्या तोंडातून ते लाकूड काही निघेना, म्हणून तसंच पुरलं, असं खांदेकऱ्यांपैकी एक जण दारूच्या गुत्त्यात बोलून गेला आणि नंतर त्यानं ते नाकबूल केलं. सभागृह उघडलं, पण वाद्य वाजलं नाही. आर्लेतच्या दंडातली जखम भरली. ओठांवर मात्र गोल व्रण राहिला, आणि लेओननं त्यावरून एकदाही तिची चेष्टा केली नाही. एरवी तो कशाचीही चेष्टा करायचा.

सिदोनी त्यांच्याकडेच राहिली. नाताळ तिनं त्यांच्यासोबत केला, हंसाच्या मांसावर ताव मारला, लेओनच्या घरच्या सफरचंदाच्या दारूचे दोन पेले रिचवले. ओठांना लाली आली, गालांवर मांस चढलं. माळ्यावरची शिडी ती धावत चढायची. मग रुआं शहरात हातमोज्यांच्या दुकानात तिला नोकरी लागली आणि जानेवारीतल्या एका कडाक्याच्या सकाळी तिला बसवर सोडायला दोघं नवराबायको गेली.

थंडी अशी होती की थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठावी. बस उभी होती. बास्तियां इंजिनाला शिव्या घालत होता आणि प्रत्येक शिवीबरोबर त्याच्या तोंडातून वाफेचा ढग निघत होता.

"पोहोचलीस की मार्गोकडे फोन कर," लेओन म्हणाला. वाफ. "आणि कुणी दुकानात चढ्या आवाजात बोललं तर मला सांग. लाटणं घेऊन येतो."

"लाटणं नको, काका, तुमचे विनोदच पुरेत. माणसं पळून जातील," सिदोनी म्हणाली आणि खळखळून हसली. तिनं लेओनच्या दोन्ही गालांचा मुका घेतला, मग आर्लेतच्या. "तुम्ही होता म्हणून मी आहे, मावशी. आता बघा कसा भरपूर श्वास आहे माझ्यात."

आर्लेत हसली नाही. ती सिदोनीच्या तोंडाकडे बघत होती. इतकी बोलली, इतकी हसली, गालाला गाल लावला. आणि त्या लालबुंद ओठांतून वाफेचा एक धागासुद्धा निघाला नव्हता.

उजेडाचा खेळ असेल, तिनं स्वतःला समजावलं. सूर्य तिच्या पाठीशी आहे.

सिदोनी आत जाऊन खिडकीशी बसली. शेजारी एक जाडजूड बाई होती, मांडीवर टोपली घेतलेली, बसमध्ये चढण्याच्या खटाटोपानं धापा टाकणारी. काचेतून सगळं स्वच्छ दिसत होतं. सिदोनीनं हात हलवला. आर्लेतनंही हलवला.

त्या शेजारच्या बाईनं हुश्श करून श्वास सोडला. तिच्या तोंडातून पांढरी वाफ निघाली, पण वर गेली नाही. ती आडवी झाली, दोऱ्यासारखी बारीक ओढली गेली, आणि सिदोनीच्या किंचित उघड्या ओठांकडे वळली.

बाईनं छातीवर हात ठेवला, जरा चमकून इकडेतिकडे पाहिलं. बस सुटली.